मितेशचं मानपत्र

भाऊ : "हे हिमशिखरांच्या राखणदारा! तुझी पोलादी छाती पाहून शत्रूच्या काळजाचं पाणी होतं आणि साक्षात मृत्यूही तुझ्या वाटेतून बाजूला सरतो!"

दक्षता : भाऊ, तो पालीला घाबरतो.

भाऊ : कोण?

दक्षता : हिमशिखरांचा राखणदार. मागच्या गणपतीत मखरामागून पाल निघाली, तर हा आरती सोडून तिसऱ्या मजल्यावरून थेट गेटवर. अनवाणी. हातात घंटा तशीच.

भाऊ : सीमेवर पाली नसतात. थंडी असते. तू असल्या किरकोळ गोष्टींत शिरू नकोस. सहाला सत्कार आहे, पावणेसहा झाले. तू फक्त वाच. माइकवर न अडखळता बोलणारी आपल्या सोसायटीत तू एकटी. मी वाचलं की कवळी शिट्टी मारते.

दक्षता : मी वाचणार नाही हे सकाळी सांगितलं. दुपारी पण सांगितलं.

भाऊ : कारण सांगितलं नाहीस.

दक्षता : कारण अख्ख्या कोपर गावाला माहितेय.

भाऊ : सेक्रेटरी म्हणून मला कुणी रीतसर कळवलेलं नाही.

दक्षता : मग आता रीतसर कळवते. ए विंगमधला मितेश आणि बी विंगमधली मी, सहा वर्षं एकत्र होतो. मागच्या मंगळवारी त्याने संपवलं. व्हॉट्सॲपवर, व्हॉइस नोट पाठवून. एक मिनिट बारा सेकंद. आणि उद्या सकाळी कल्याणहून गाडी पकडून साहेब वर चाललेत, बॉर्डरला, दोन वर्षांसाठी. नोंद घ्या.

भाऊ : एक मिनिट बारा सेकंद. म्हणजे मुद्देसूद बोलला.

दक्षता : भाऊ!

भाऊ : नाही, वाईट झालं. फारच वाईट झालं. पण पोरी, हा कार्यक्रम तुझा नाही, त्याचाही नाही. देशाचा आहे.

दक्षता : बॅनरवर देश कुठेय? वर तुम्ही, हात जोडून. खाली कमिटीचे अकरा जण. आणि मितेश कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा.

भाऊ : त्याने फोटोच लहान दिला. आम्ही काय करणार? ते सोड, दुसरा परिच्छेद बघ. तो खास आहे. तीस वर्षं मराठी शिकवल्याशिवाय असं सुचत नाही.

दक्षता : "आपला मनमिळाऊ स्वभाव आणि हसतमुख चेहरा सदैव आमच्या स्मरणात राहील. आपल्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी कधीही भरून न येणारी आहे." हे काय आहे?

भाऊ : भावना.

दक्षता : ही श्रद्धांजली आहे. मालनमावशी गेल्या तेव्हाची. मीच टाइप करून दिलेली तुम्हाला. तीच फाइल उघडून वरती हिमशिखरं चिकटवलीत.

भाऊ : नाव बदललंय.

दक्षता : नाव बदललंय. "ईश्वर आपल्या आत्म्यास शांती देवो" नाही बदललं.

भाऊ : कुठे? बघू. अरेच्चा. तिथे "आत्म्यास" खोडून "कार्यास" कर.

दक्षता : कार्यास शांती?

भाऊ : मग यश कर. म्हणून तर तुला म्हणतोय! मी उभा राहिलो की समोर असेल ते वाचत सुटेन. उद्या निघणाऱ्या पोराच्या आईसमोर, आवडाबाईंसमोर, मी त्याच्या आत्म्याला शांती द्यावी अशी तुझी इच्छा आहे का?

दक्षता : तुम्ही मला ब्लॅकमेल करताय.

भाऊ : विनंती करतोय. पदावर असलो की आवाज तसा लागतो. आला बघ तो. ये मितेश, ये. हार मिळाला?

मितेश : मिळाला. झेंडूचा आहे. गुलाबाचे संपलेले.

भाऊ : अरे, ज्याचा सत्कार त्यालाच हार आणायला कुणी पाठवलं?

मितेश : तुम्हीच.

भाऊ : असं होय. घरचं कार्य समजून गेलास, हे फार आवडलं मला. बसा दोघं. मी नारळाचं बघतो. मागच्या वेळी पाहुण्यांच्या हातात गेल्यावर कळलं, आत पाणी नव्हतं.

(भाऊ बाहेर जातात. पटांगणात खुर्च्या लावल्याचे आवाज येत राहतात.)

मितेश : तू वाचणार आहेस? मला माहीत नव्हतं.

दक्षता : मला तरी कुठे? आपल्याकडे सगळं ऐन वेळी कळतं. काही गोष्टी मीटिंग चालू असताना कळतात. घोडबंदरला, ऑफिसमध्ये, तेरा माणसांसमोर. मी हळूच एक कान लावून ऐकली तुझी नोट. म्हटलं, येताना काय आणू विचारत असेल.

मितेश : समोर येऊन बोलायला जमलं नसतं.

दक्षता : ए विंग ते बी विंग. बेचाळीस पावलं. ट्रेनिंगला तुम्हाला पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढायला लावतात ना?

मितेश : टोमणे मार. चालेल. पण मी ते तुझ्यासाठी केलं.

दक्षता : "तुझ्यासाठी" चार वेळा आहे त्या नोटमध्ये. "तुला मोकळं करतोय" दोनदा. मी कधी आलेले तुझ्याकडे, मला बांधलंय, सोडव, म्हणून?

मितेश : तुला समजत नाहीये. यावेळी नेटवर्क असेल, नसेल. सुट्टी कधी, माहीत नाही. आणि काही झालं तर...

दक्षता : झालं तर काय? बोल. मीच बोलते. काही झालं तर तुझ्या घरी फोन येईल. आवडाकाकू भाऊंना सांगतील. आणि मला गेटवरच्या नव्या बॅनरवरून कळेल. सहा वर्षं, मितेश, आणि मला कळणार किती? तर शेजारणीला कळतं तेवढं. हे मोकळं केलंस तू मला.

मितेश : मग काय करायला हवं होतं?

दक्षता : खरं सांगायला हवं होतं. अजून वेळ गेलेली नाही. भाऊ नारळ हलवून हलवून बघणार, तोवर दहा मिनिटं आहेत. खरं सांग, मी बाहेर जाऊन तुझी हिमशिखरं वाचते. आवाज हलू न देता. नाही सांगितलंस तर माइकला फोन लावून ती नोट ऐकवते. सगळ्यांना कळू दे, देशाने किती मोकळं केलंय मला.

मितेश : तू असं करणार नाहीस.

दक्षता : तू नोट पाठवणार नाहीस, असं मलाही वाटलेलं.

मितेश : मागच्या पोस्टिंगला रविवारी दहा मिनिटं फोन मिळायचा. आठवतं?

दक्षता : विचारतोस काय? रविवारी मी बाथरूमला पण फोन घेऊन जायचे.

मितेश : त्या दहा मिनिटांत आपण काय बोलायचो? फ्लॅट कुठे घ्यायचा. तुझे पप्पा काय म्हणाले, माझी आई काय म्हणाली. साखरपुडा कधी, आत्ता का नाही. मग कट. पुढचा रविवार येईपर्यंत मी तेच डोक्यात घेऊन ड्यूटीवर. एकदा चढताना कमरेचा दोर अडकवायचाच राहिला माझा. मी तुला काय उत्तर द्यायचं त्याचा विचार करत होतो. मागच्याने बघितलं, ओरडला, शिव्या घातल्या. म्हणून वाचलो, आणि आज हार आणायला गेलो.

दक्षता : हे तू मला कधीच सांगितलं नाहीस.

मितेश : दहा मिनिटांत कुठे बसवणार होतो?

दक्षता : पुढे बोल.

मितेश : पुढे काही नाही. खाली कुणी वाट बघतंय, हे मला तिकडे झेपत नाही. बाकीच्यांना त्याने बळ येतं म्हणे. मला नाही येत. मला मोकळं व्हायचं होतं. मला. ते स्वतःला ऐकायला बरं वाटेना, म्हणून तुझं नाव पुढे केलं.

दक्षता : म्हणजे मी वजन.

मितेश : असं नाही म्हणालो मी.

दक्षता : असंच म्हणालास. आणि चूक नाहीये. वर जाताना माणूस सामान कमी करणारच. फक्त सामानाला तोंडावर सांगायचं, की तू जड होतेस. "तुझ्या भल्यासाठी तुला इथे ठेवून जातोय" असं सांगायचं नसतं. सामान सहा वर्षं तुझ्याबरोबर होतं, त्याला एवढं तरी कळतं.

मितेश : सॉरी.

दक्षता : ते नको. तेही मीच सांभाळत बसेन.

मितेश : दक्षता, मी परत आलो की...

दक्षता : ते वाक्य पूर्ण करू नकोस. पूर्ण केलंस तर मी वाट बघेन. मी वाट बघितली की तुझा दोर राहील.

मितेश : बरं.

दक्षता : लगेच बरं? थोडं तरी अडायचंस.

भाऊ : चला, चला! सोळा नारळ हलवून एक खात्रीचा आणलाय. पाहुणे येऊन बसले, पंखा मागतायत. दक्षता, काय ठरलं?

दक्षता : वाचते.

भाऊ : शाब्बास! मला माहीत होतं. आत्मा काढलास?

दक्षता : आत्मा काढला. हसतमुख चेहरा काढला.

भाऊ : आणि पोकळी? ती ठेव हं. लोक तिथे हमखास टाळ्या देतात.

दक्षता : तीही काढली. मालनमावशींच्या घरात दुसऱ्याच महिन्यात भाडेकरू आले, भाऊ. डिपॉझिट तुम्हीच घेतलेलं.

भाऊ : मग उरलं काय मानपत्रात?

दक्षता : नाव, हुद्दा आणि "सुखरूप परत या".

भाऊ : फारच तोकडं झालं. असो, मी आभार लांबवतो. दोन मिनिटांत स्टेजवर या दोघं. एकत्र नका येऊ, फोटोत विचित्र दिसेल.

(भाऊ जातात.)

मितेश : थँक यू.

दक्षता : तुझ्यासाठी नाही वाचत. आवडाकाकू पहिल्या रांगेत बसल्यात. आणि एक ऐक. मी वाचत असेन तेव्हा माझ्याकडे बघायचं नाही.

मितेश : मग कुठे बघू?

दक्षता : कुठेही. पाहुण्यांच्या टकलाकडे बघ.

मितेश : बरं. दक्षता?

दक्षता : आता काय?

मितेश : एखादी सेफ्टी पिन आहे का? कुर्त्याचं बटण तुटलंय.