भगवंत तांडेल, इयत्ता चौथी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय केंद्रप्रमुख निमेशसर, व्यासपीठावर बसलेले सर्व मान्यवर, आपल्या सत्कारमूर्ती उत्कर्षाबाई, दांडीतल्या माझ्या बंधुभगिनींनो आणि पुढे सतरंजीवर चुळबुळ करणाऱ्या बाळगोपाळांनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी भगवंत तांडेल. शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे आणि उरलेला वेळ समुद्रात असतो. बोटीवर मला मोठ्याने बोलायची सवय आहे, तेव्हा माइकवाल्याने आवाज जरा कमी ठेवावा.

बाईंची बदली वाणगावकडे झाली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण एके काळी ही बदली आपणच मागणार होतो, हे नव्या पालकांना ठाऊक नसेल. अध्यक्षमहाराज, परवानगी असेल तर तेवढं सांगतो.

बाई आल्या त्या वर्षी त्यांनी चौथीच्या मुलांना घरून एक होडी करून आणायला सांगितली. पाण्यावर तरंगली पाहिजे, एवढीच अट. आता मला सांगा, दांडी गावात होडी करायला सांगितल्यावर ती पोरांच्या हातात कोण देईल? आम्ही सगळे बाप कामाला लागलो. शीड, सुकाणू, नांगर, काही म्हणून सोडलं नाही. चौथीतल्या आमच्या पोरीला, हेतलला, मी होडीला हातसुद्धा लावू दिला नाही, रंग ओला होता.

खाडीच्या पाण्यात सगळ्या होड्या झोकात चालल्या. मग बक्षिसं सुरू झाली. बाईंनी नाव पुकारलं, "प्रथम क्रमांक, भगवंत तांडेल, इयत्ता चौथी." मी पुढे गेलो आणि बाईंनी अगदी गंभीर चेहऱ्याने माझ्या हातात तेलखडूंची पेटी ठेवली. मागच्या रांगेतले जास्त हसू नका, तुमच्याही खिशात रबर आणि शार्पनर आले होते.

संध्याकाळी बंदरावर आम्ही एकमताने ठरवलं, ही बाई गावाला चालणार नाही, हिची बदली मागायची. मी सर्वांत पुढे होतो. होडी माझी खरंच चांगली होती. अजून माळ्यावर आहे, कुणीही येऊन बघावी.

पण माझ्या घरात त्या वेळी वेगळीच काळजी होती. हेतलच्या चपलेचा पट्टा सुटला तर ती पाय पुढे करून उभी राहायची, की कुणीतरी येऊन लावेल. आणि लावणारे आम्ही होतोच. पाचवीला एसटीने तारापूरला जायचं होतं. हिची आई म्हणाली, जिला पट्टा लावता येत नाही तिला मी एकटीला गाडीत बसवणार नाही, चौथी झाली की घरी राहील. मलाही ते पटत होतं. म्हणजे पोरीची शाळा तिथेच संपणार होती.

पुढच्या शनिवारी बाईंनी होड्या पुन्हा करायला लावल्या, या वेळी शाळेत, मुलांकडून. पालकांना बघायला बोलावलं, पण हात पाठीमागे बांधून उभं राहायचं, असा नियम. हेतलची होडी पाण्यात ठेवली की आडवी व्हायची. तिने माझ्याकडे बघितलं. माझा पाय उचलला गेला, तोच बाई हळूच म्हणाल्या, "भगवंतभाऊ, हात." मी परत हात मागे घेतले. वादळातसुद्धा माझी एवढी घालमेल झालेली नाही.

पोरीने आधी एका बाजूला खडे घातले, होडी त्या बाजूला कलंडली. मग दुसऱ्या बाजूला घातले. रडली. बाईंनी जवळ बसून फक्त विचारलं, "आत्ता काय झालं? आणि का झालं असेल?" पोर वाकून होडीकडे बघत राहिली. शेवटी तिने मधोमध तळाशी ओली वाळू थापली. मला राहवलं नाही, मी पुढे सरकलो, तर म्हणते, "बाबा, तू नको येऊ. कुठं चुकतंय ते मला समजलं हाय."

होडी सरळ उभी राहिली. वाकडीतिकडी, शीड पिठाच्या पिशवीचं, पण चालली. मी भर खाडीवर रडलो, ते सांगायला मला लाज वाटत नाही. बदलीचा विषय त्या दिवशीच बुडाला.

घरात मात्र हे सोपं नव्हतं. सकाळी मासळी बाजारात न्यायची घाई, त्यात पोरीला "तुला काय वाटतं?" विचारत कोण बसणार? तरी हिची आई शिकली, मीही शिकलो. हेतल आज तारापूरला सातवीत आहे. परवा एसटी आली नाही तेव्हा बरोबरच्या मुलींना घेऊन ती शाळेत परत गेली, तिथून फोन केला आणि गावातल्या दर्पणच्या टेम्पोत, मासळीच्या रिकाम्या पाट्यांमध्ये बसून हसत घरी आली. वास आला, पण पोर आली.

बाई, हेतलने आपली तीच वाकडी होडी तुमच्यासाठी कागदात बांधून आणली आहे. गाठ मात्र मी मारली आहे, नायलॉनची, जाळ्याची. कात्री मिळणार नाही. सुटेपर्यंत आम्ही सारा गाव हात मागे बांधून उभे राहू. सावकाश सोडवा, आम्हाला तुम्हाला सोडायची घाई नाही.

अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलं, आभारी आहे. बोलण्यात काही चुकलं असेल तर माफ करा. पण सुधारायला कुणी उठू नका, माझं मला बघू द्या.