बर्फात घातलेला सडा

भर बर्फात मी दारापुढे कढत पाण्याचा सडा घातला. बादलीभर नाही, चांगल्या दोन बादल्या.

आता तुम्ही विचाराल, हे ध्यान मूळचं कुठलं, तर कराडचं. आमच्या आईचा नेम असा की चहाचा घोट घशाखाली उतरण्याआधी दारात सडा-रांगोळी झालीच पाहिजे, आणि त्यातून मार्गशीर्षातला गुरुवार असला तर बोलूच नका, लक्ष्मी काय पारोशा उंबऱ्यावरून आत येणार आहे का, म्हणायची. मी पुढे पुण्यात शिकलो, मग इकडे आइंडहोवनला कॉम्प्युटरच्या चिपांची मशिनं बनवणाऱ्या एका कंपनीत लागलो, आणि काय सांगू तुम्हाला, माझं तिथलं कामच मुळी तापमान सांभाळण्याचं. मशिनमधलं पाणी किती गरम, किती गार, हे बघायचा मला पगार मिळतो.

राहायला जवळच्याच न्यूनेन गावात. शेजारी योहाना आणि यान, दोघंही ऐंशीच्या पुढचे. एवढ्या वयाच्या बाईला नुसतं नावानं हाक मारायची, माझी जीभ अडायची, पण इथे तेच रीतीचं. आमच्या दोन घरांना मिळून रस्त्यापर्यंत एकच उतार. यान पावसाळी हवेत आजारी पडला तो गावाच्या दुसऱ्या टोकाच्या नर्सिंग होममध्येच राहिला, आणि योहाना रोज बसनं त्याच्याकडे जायची. मी एकदा मोठ्या तोंडानं सांगून ठेवलेलं, बस बंद पडली तर मी आहे, गाडी आहे, नुसती हाक मारा.

तर त्या बुधवारी रात्रभर बर्फ पडलं. सकाळी बस बंद, ट्रेन बंद, ऑफिसचा मेसेज की घरूनच काम करा. मुग्धा, म्हणजे माझी बायको, आत गुरुवारचा घट मांडत होती, म्हणाली, दाराचं तेवढं तू बघ. मी म्हटलं, बर्फही वितळेल आणि सडाही होईल. वितळलं हो, काय सुंदर वाफ निघाली, मी फोटो काढून आईला पाठवला. पाणी उतारावरून वाहत गाडीच्या चाकांखाली गेलं, आणि माझा चहा होईपर्यंत त्या सगळ्याची काच झाली होती.

तेवढ्यात योहाना मागच्या बागेतून आली. कोटाची बटणं खालीवर लागलेली. म्हणाली, नर्सिंग होममधून फोन आला, यानचा श्वास बदललाय, आत्ता या म्हणाले, आणि टॅक्सी कुणी येत नाही.

मी म्हटलं, चला. गाडी सुरू केली, चाकं जागच्या जागी गरगर फिरली आणि गाडी तिरकी घसरून कुंपणाला टेकली. मुग्धानं मीठ टाकलं, शेवटी रांगोळीचा अख्खा डबा चाकांखाली उपडा केला, काही उपयोग नाही. योहाना बघत उभी. रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिनं एवढंच विचारलं, पाणी ओतलंस? मी म्हटलं, हो. तिनं मान हलवली आणि शेडमधून मुलांच्या वेळची, बर्फावरून ओढायची जुनी लाकडी स्लेज ओढत आणली.

मग मी ओढायला, ती मांडीवर पर्स घेऊन बसायला. इथली नगरपालिका आधी सायकलचे रस्ते साफ करते, त्यांवर मीठ टाकलेलं, तिथे स्लेज जागची हलेना, म्हणून मी कडेकडेनं, नडगीभर बर्फातून. मी आपला म्हणतोय, पोचू, पोचू वेळेत. ती म्हणाली, बोलू नकोस, ओढ. मी पडलो, उठलो, पुन्हा पडलो. माझे वडील गेले तेव्हा मी इथेच होतो, मी पोचेपर्यंत सगळं उरकलेलं, घरात नुसता दिवा जळत होता. ते मी कुणाशी फारसं बोललो नाही. पण त्या रस्त्यावर दोरी तळहातात रुतत होती आणि मनात एकच, देवा, हिला तरी पोचू दे.

पोचलो. दारातली नर्स म्हणाली, जागा आहे तो. योहाना कोटावरच्या बर्फासकट आत गेली आणि त्याचा हात धरून बसली. माझे बूट गळत होते, मी दारातच थांबलो.

यान दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेला. तिचा हात हातात होता. चांगलं झालं म्हणायचं, दुसरं काय.

आता ती एकटी असते. मुग्धा डबा देते, मी बाहेरचा कचरा काढतो, रविवारी कॉफीला बसतो. कुणी नवं माणूस आलं की ती मला शेजारी बसवून ती सकाळ सांगते, हसते, मग डोळे पुसते. म्हणते, मी यानला सांगितलं, शेजाऱ्यानं मला घरापासून इथवर ओढत आणलं. त्यानं डोळे उघडले, आधी माझ्याकडे बघितलं, मग दारात धापा टाकणाऱ्या ह्याच्याकडे, आणि म्हणाला, एवढ्या वेळात मी दोनदा मेलो असतो.