हॉर्न कोण वाजवतंय?

फटफटीचा विषय काढलात म्हणून सांगते. लढाईवर जाताना आमच्या ह्यांनी फटफटी गोठ्यात लावली आन् मला म्हणाले, "आठवड्यातनं एकदा हॉर्न दाबून बघ. खणखणीत वाजला तर बॅटरी ठीक. बसका वाजला तर आबांना सांग, कोरेगावात चार्ज करून आणतील."

तवा सासरी नवऱ्याची आठवण काढायची बी लाज. पण बॅटरी बघायला कोण न्हाई म्हणणार? सांजच्याला धार काढून झाली की मी रोज हॉर्न दाबायची. हे घरी यायचे तवा वळणावर असाच वाजवायचे.

बॅटरी पार उतरली. मामंजींनी बैलगाडीत घातली, मी बी संगं गेले. कोरेगावचा मिस्त्री चिडलाच.

"आवं आबा, इंजान बंद ठेवून हॉर्न वाजवल्यावर बॅटरी ऱ्हाईल व्हय? वाजवतंय कोण?"

मी मान खाली घातली.

मामंजी म्हणाले, "मीच वाजवतो."

मला वाटलं, म्हातारा सुनेला सांभाळून घेतोय.

बॅटरी चार्ज करून आणून बसवली, त्याच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी भाकरी थापत हुते, आन् गोठ्यात हॉर्न वाजला. दारातनं डोकावलं, तर मामंजी हॉर्नवर अंगठा ठेवून वाटंकडं बघत हुते.