दुखणं, दहापैकी तीन

...तीन. तुम्हाला सांगतो, दहापैकी तीन म्हणाली ती. फोनवर. रुग्णवाहिका बोलवायची म्हणून फोन केलेला, पलीकडची मुलगी एकेक प्रश्न विचारतेय, आणि इकडे आमची ऑड्री, त्रेचाळीस वर्षं माझ्याशी संसार केलेली बाई, एका हातानं ओटा गच्च धरून उभी, चेहरा राखेसारखा, कपाळावर घामाचे थेंब... मुलगी विचारते, "छातीत दुखतंय ते एक ते दहामध्ये किती?" तर ही म्हणते, "अं... तीन असेल." वर तिचीच चौकशी, "रविवारचं काम लावलं का गं तुला? जेवलीस तरी का?"

मी विचारलं ना, तीन का? तर फोनवर हात ठेवून म्हणाली, "अरे लेस्ली, कुणाला तरी खरंच दहा दुखत असेल. त्याची गाडी आपण कशी पळवायची?"

आमचं हे असंच. आमच्या इंग्रजीत 'पुट अप' म्हणून एक जोडक्रियापद आहे. भिंतीवर फळी ठोकली, पुट अप. घरमालकानं भाडं वाढवलं, पुट अप. मेव्हण्याला मागच्या खोलीत दोन दिवस ठेवून घेतलं, तेही पुट अप. आणि तोच मेव्हणा अकरा वर्षं हलला नाही, की मागे एक इवलंसं 'विथ' चिकटवायचं... की झालं, चालवून घ्यायचं. नगरपालिकेत अडतीस वर्षं कारकुनी केली मी. साहेब बदलले, नियम बदलले, हे एक कलम कुणी रद्द केलं नाही. चहा गार आला? चालवून घ्यायचं. समुद्रावर सुट्टीला गेलो आणि आठवडाभर पाऊस? छत्री धरून तिथेच वाळूत सँडविच खायचं, चालवून घ्यायचं. ऑड्रीच्या वडिलांचा खाणीत पाय मोडला, तर म्हातारा पाळी संपवून चालत घरी आला, आणि दर नाताळला जेवताना त्याचं कौतुक व्हायचं हो. असल्या घरातली लेक. ती काय दहा सांगणार?

बरं, दुखत होतं गुरुवारपासून. मला सांगितलं, "पोर्क पाय बाधला." म्हणजे आमच्याकडची ती डुकराचं मांस भरलेली कचोरी.

तर मी फोन हिसकावला. आयुष्यात पहिल्यांदा हिसकावलं काहीतरी. मनाशी ठरवलं, नऊ सांगायचं. दहा नको, दहा म्हणजे आक्रस्ताळेपणा झाला. नऊ. मुलगी म्हणाली, "सर, तुम्हाला किती वाटतं?" ऑड्री माझ्याकडे बघतेय, प्रार्थना चालू असताना मी शिंकलो की बघते तशी... आणि मी म्हणालो, "चार."

हसताय? हसा. पुढचं ऐका. मुलगी म्हणाली, "चार नक्की?" मी म्हणालो, "हो, हो. पण घाई नाही."

घाई नाही! असं मी म्हणालो, मी!

मग आठवाले, नऊवाले, दहावाले झाल्यावर गाडी आमच्याकडे. दोन तासांनी. त्यांचं काय चुकलं? आम्ही सांगितलं ते त्यांनी लिहून घेतलं. आणि त्या दोन तासांत हिनं काय केलं असेल? मटणाचा ओव्हन मंद केला, बटाटे उलटले, स्वेटर बदलला, आणि दारातला गालिचा झाडायला घेतला, परकी माणसं घरात येणार म्हणून. मी म्हटलं, "बस की गं जरा." तर म्हणाली, "बसलं की जास्त जाणवतं."

जास्त जाणवतं... तेव्हा तरी मी परत फोन लावायचा की नाही? नाही लावला. एकदा सांगून झालं होतं, सारखी सारखी कटकट कशी करायची लोकांना? चालवून घेतलं.

गाडी आली. आडदांड माणूस, हसत हसत आत आला, तिला तारा जोडल्या, यंत्रातून कागदाची पट्टी निघाली आणि त्याचं हसू गेलं. "आजी, हे कधीपासून?" तर म्हणते, "गुरुवारपासून. बूट राहू देत हो, काढू नका." मग तो माझ्याकडे वळला. "यांनी तीन सांगितलं?"

"मी चार सांगितलं होतं," मी म्हणालो. तोऱ्यात, बरं का.

दवाखान्यात तिला आत नेलं. जाता जाता म्हणाली, "बटाटे काढलेस ना रे?" काढले होते मी. एवढं एक काम वेळेवर केलं.

पाच वाजता डॉक्टर बाहेर आली. पोरगीच ती, माझ्या नातीच्या वयाची वाटावी अशी. शेजारी बसली. काय काय करून पाहिलं ते सगळं सांगितलं, बिचारीनं एकही गोष्ट गाळली नाही. एक-दोन दिवस आधी आला असतात तर, एवढं मात्र ती बोलली नाही, पण मला ऐकू आलं. मग तिचे डोळे भरले, माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "आय ॲम सॉरी, मिस्टर हॅलिवेल."

आणि मी... त्रेचाळीस वर्षांची बायको गेलेला माणूस मी... जरा सावरून बसलो आणि म्हणालो, "छे छे. काही हरकत नाही."