डब्यावर बसलेली आई

"आई, पेट्रोलच्या डब्यावरून ऊठ! रांग पुढे सरकली."

"नाही उठत. बुडालो तर सिग्नल देणारं यंत्र आधी घरून आण."

"मोआ बेटापर्यंत जायला? मला समुद्र कळतो!"

"तुझ्या बापालाही कळायचा. त्याच्याच थडग्यावरचं कापड काढायच्या विधीला चाललोय ना आज?"

रांगेतलं हसणं थांबलं. वासीची कानशिलं तापली.

"ओहोटी लागली की होडी गाळात रुतेल. मामा ओरडेल."

"ओरडू दे. थडगं काही पळून जात नाही."

वासीने डबा ओढला. आसेरा डब्यासकट घसरली, पण उठली नाही.

"ओढ अजून! तुझ्या थडग्याचं कापड मी नाही शिवणार, सांगून ठेवते."

"किल्ली दे."

"होडीची?"

"घराची! लवकर दे, निघू दे मला."