ओट्याची उंची

दगड कापून देणाऱ्या दुकानातली रांग हलत नव्हती. रांगेतल्या एका बाईच्या पुढे एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची मुलगी उभी होती. कान मिटता येत नाहीत, म्हणून ती बाई ऐकत राहिली.

“बाबा, ओटा फोडला तर मागचा पाइप कुजलेला निघाला. त्यात इतके दिवस गेले. आता उंची बदलली की पुन्हा काम लांबणार.”

“लांबलंच आहे, तर होऊन जाऊ दे. चांगला चार इंच वर घेऊ.”

“होता तेवढाच राहू दे ना.”

“तुझी आई माझ्या खांद्याला लागायची. तिच्या मापाच्या ओट्यावर मी वर्षभर वाकून भाजी चिरतोय.”

“मी डबा पाठवते म्हटलं, तर नको म्हणता.”

“डबा आजाऱ्याला पाठवतात.”

“तुमच्या हातून मीठ दोनदा पडतं.”

“पडतं. तरी तू दोनदा वाढून घेतेस.”

“बाबा, आईची जागा आहे ती.”

“म्हणून तर रोज तिथं उभं राहायचंय मला. पाठ मोडून किती दिवस राहीन?”

मागे उभी असलेली बाई पिशवीत उगाच काहीतरी शोधू लागली.

“पुढे या,” दुकानदार म्हणाला. “ओट्याखालचे उभे दगड ना? उंची किती धरू?”

“द्या तो टेप इकडे,” मुलगी म्हणाली. “बाबा, कोपरात हात दुमडा. आणि वाकू नका.”

“वाकलो नाहीये. आता एवढाच आहे मी.”

“बरं. मग एवढ्याचंच माप घेऊ.”