संत्र्यावर बसलेला हात

उरायासु स्टेशनबाहेर बसच्या रांगेत मागून मराठी ऐकू आली, तसे चंद्रहासने कानातले इयरफोन हळूच काढले. मागे एक आई आणि तिची नर्स असलेली मुलगी उभ्या होत्या.

“भूल द्यायचा कोर्स टोकियो, योकोहामा दोन्हीकडे सारखाच आहे, आई. फक्त योकोहामाला सिम्युलेशन लॅब आहे. तिथला बाहुला श्वास घेतो, निळा पडतो, मरतोसुद्धा.”

“अगं बाई! मग?”

“मग बटण दाबायचं, की पुन्हा जिवंत.”

“आम्हाला नर्सिंग शिकताना संत्री द्यायचे. त्यांत सुईने पाणी टोचून इंजेक्शनचा हात बसवायचा आणि होस्टेलवर जाऊन तीच सोलून खायची. वॉर्डचा वास जावा म्हणून सालं उशीखाली ठेवायचो. काय हसायचो गं!”

“शंभरदा सांगितलंयस. म्हणूनच मी टोकियोचा घेतेय. लॅब नाही, पण पहिल्या महिन्यापासून खरे पेशंट. तुझ्यासारखंच.”

“योकोहामाचा घे.”

“एऽऽ? तूच म्हणतेस ना, खरं शिक्षण पेशंटपाशीच होतं?”

“म्हणते खरी.”

“मग?”

“माझ्या पहिल्या महिन्यात हौसाबाई साळोखे म्हणून एक पेशंट होत्या. बत्तीस वर्षांच्या. त्यांना बटण नव्हतं गं.”